प्रति: मॉरिशसची खरुची

वर कुणीतरी लिहिलंय की मॉरिशसची खरुची (ससाण्याच्या कुळातला छोटा शिकारी पक्षी) आपल्याकडच्या खरुचीसारखीच हवेत एका जागी फडफडत राहून शिकार करते. तिथेच थोडी गफलत आहे. आपली खरुची माळरानावरची, लांब टोकदार पंखांची. ही जंगलातली. पंख आखूड, टोकाला गोलसर, शेपूट त्यामानाने लांब. उडताना पाहिली तर पटकन शिकराच वाटेल! फांद्यांच्या गर्दीतून वळणं घेत जायला हीच ठेवण कामाची.

तिचं मुख्य खाणं म्हणजे फेल्सुमा नावाच्या हिरव्यागार पाली. या पाली दिवसा वावरतात, उन्हात खोडाला चिकटून बसतात. खरुची गपचूप फांदीवर बसून टेहळणी करते आणि झेप घालून खोडावरूनच पाल उचलते. गंमत म्हणजे तिथले लोक हिला 'कोंबड्या खाणारी' म्हणायचे, आणि त्यापायी मारायचेही. अडीचशे ग्रॅमही मुश्किलीने भरणारा पक्षी, कोंबडी कुठून उचलणार?

रंगाचं म्हणाल तर पाठ विटकरी-तपकिरी, तिच्यावर काळे पट्टे; पोट पांढरं आणि त्यावर ठसठशीत काळे ठिपके. आपल्याकडच्या नराचं डोकं राखाडी असतं, तसा फरक इथे नाही, नर-मादी सारखेच दिसतात. मादी जरा मोठी, इतकंच.

१९७४ साली रानात फक्त चार पक्षी माहीत होते. कारणं म्हणजे जंगलतोड, डीडीटी हे कीटकनाशक, बाहेरून आलेली मुंगसं आणि माकडं. पुढे जीवशास्त्रज्ञ कार्ल जोन्स यांनी घरट्यातली पहिली अंडी काढून घेऊन कृत्रिमरीत्या उबवली. अंडी गेली की मादी पुन्हा अंडी घालते, हा त्यातला खरा डाव.