सल्ला हवाय: बीएसए एम-२० बघितलीय, साडेतीन लाख सांगतायत. किंमत कशी ठरवायची?

कराडकर_अनिकेत
नमस्कार मंडळी. मिरजेजवळच्या एका गावात बीएसए एम-२० (दुसऱ्या महायुद्धाच्या काळातली ब्रिटिश मोटरसायकल) विकायला आहे. गाडी आजोबांच्या नावावर, आजोबा वारलेत, आता नातू विकतोय. साडेतीन लाख सांगतो आणि मुंबईचं गिऱ्हाईक पण येणारे म्हणतो. आरसी बुक आहे, जुनं, पिवळं पडलेलं, त्यात मॉडेल १९४२ लिहिलंय. हिरवा रंग नवा मारलाय, एकदम चकचकीत. किकवर चालू झाली, आवाज ऐकला, छान वाटला. पण कार्बोरेटर बुलेटचा वाटतो, स्पीडोमीटर नाहीच, आणि इंजिन नंबर आणि चासी नंबर वेगवेगळे आहेत. मित्र म्हणतो इंजिन बदललेलं आहे, सरळ सोडून दे. मी आजवर बुलेट आणि यझदी वापरलीय, ब्रिटिश गाडी पहिल्यांदाच घेणार, पण हौस फार जुनी आहे. रविवारी परत बघायला जातोय. काय तपासू आणि भाव कशावरून काढू?

जुनं_लोखंड
अनिकेत, आधी मित्राचा मुद्दा निकालात काढू, कारण त्याच्यामुळे लोकांनी चांगल्या गाड्या सोडलेल्या मी बघितल्यात. बीएसएच्या त्या काळच्या गाड्यांना कारखान्यातच इंजिनला एक नंबर आणि फ्रेमला (म्हणजे चासीला) दुसरा नंबर पडायचा, दोन्ही जुळायचे नाहीत. युद्धानंतरच्या ट्रायम्फ किंवा नॉर्टन बघायला गेलास तर तिथे दोन नंबर जुळणं ही मोठी गोष्ट आहे, तिथे भावात फरक पडतो. एम-२० ला नाही. उलट दोन्हीकडे अगदी सेम आकडा दिसला तर मला शंका येईल की कोणीतरी नंतर पंच मारलाय.

तू बघायचंय ते नंबरच्या आधीची अक्षरं. लष्करासाठी बनलेल्या गाडीवर डब्ल्यूएम-२० असतं. युद्धानंतरच्या साध्या गिऱ्हाइकांसाठीच्या गाड्यांना डब्ल्यू नाही, दुसरं अक्षर येतं, एक्स, वाय, झेड अशी. इंजिन नंबर सिलिंडरच्या खाली क्रँककेसवर डाव्या बाजूला, आणि फ्रेमचा हेडस्टॉकवर, हँडलच्या खाली, तिथे बहुतेक रंगाचे चार थर असतात. मालकाची परवानगी घेऊन थोडं थिनर लाव, कापडाने पूस, मग कागद ठेवून पेन्सिलने घासून ठसा घे, आरटीओवाले घेतात तसाच. अक्षरं एका ओळीत नसतात, हाताने ठोकलेली असतात, त्याला घाबरू नको. पण नंबरच्या खालचं लोखंड आजूबाजूपेक्षा सपाट किंवा खोल गेलेलं दिसलं म्हणजे ग्राइंडर फिरलाय. तिथे भावाची चर्चाच नको, चहा पिऊन परत ये.

आणि आरसीतलं १९४२ फार मनावर घेऊ नको. या गाड्या युद्धानंतर लष्कराच्या डिस्पोजलमधून (नको असलेल्या मालाच्या विक्रीतून) लोकांनी घेतल्या, मग नागरी नंबर पडला, तेव्हा साल अंदाजाने लिहिलेलं असू शकतं. खरं साल फ्रेमच्या आकड्यावरून निघतं, आकड्यावरून लष्कराचं कंत्राट कळतं आणि कंत्राटावरून वर्ष.

पेट्रोलप्रेमी
जवळपास तेवढ्याच पैशात नवी बीएसए गोल्ड स्टार ६५० येते शोरूममधून, वॉरंटीसकट. जुनी कशाला?

जुनं_लोखंड
ती चांगली गाडी आहे, पण नाव सोडलं तर तिचा आणि या गाडीचा काही संबंध नाही. बीएसए हे नाव २०१६ ला महिंद्राच्या क्लासिक लेजंड्सने घेतलं. एम-२० चा एक नटसुद्धा तिकडे मिळणार नाही. विकणारे "कंपनी परत आली, आता भाव वाढले" असं सांगतात म्हणून हे स्पष्ट लिहितोय, त्यासाठी एक रुपया जास्त देऊ नको.

गॅरेजवाले_बापू
नमस्कार भावा, कोल्हापूरहून लिहितोय, या गाड्या वडलांपासून आमच्याकडं येत्यात. पयली गोष्ट, रविवारी जायच्या आधी त्या पोराला फोन करून सांग की मी येईपर्यंत गाडी चालू करू नका. गेल्यावर सिलिंडरला हात लाव. गरम लागला तर गाडी आधीच दोनदा चालू करून ठेवलीय, मग तासभर थांब, गप्पा मार, निवू दे.

थंड गाडी एका-दोन किकला येणं यात काय विशेष नाही. ४९६ सीसीचं साइड वॉल्व्ह (वॉल्व्ह सिलिंडरच्या बाजूला असलेलं) इंजिन, ८२ मिलिमीटरचा बोअर, ९४ चा स्ट्रोक, कॉम्प्रेशन पाचच्या पण खाली, कार्बोरेटर ओला केला आणि टायमिंगची दांडी मागं घेतली की येतीच. खरी परीक्षा गरम झाल्यावर. वीस मिनिटं चालव, बंद कर, दहा मिनिटं थांब आणि मग किक मार. मॅगडायनोच्या (स्पार्कची आणि लाइटची वीज बनवणारं यंत्र) आतला कंडेन्सर गेला असंल किंवा आर्मेचरचं वाइंडिंग खराब असंल तर थंडीत स्पार्क झकास आणि गरम झाली की गायब. ही आर्मेचर परत भरून घ्यायची म्हणजे माणूस शोधण्यापासून तयारी, सगळ्यांना जमत नाही. मॅगडायनो काढून बॅटरी-कॉइल बसवलेली असंल तर पैसे त्या हिशोबानं कमी कर, कारण अस्सल लुकासचा मॅगडायनो पुरा मिळणं हेच मोठं काम हाय.

ऑइल टाकीचं झाकण उघडून आत बघ, गाडी चालू असताना रिटर्नच्या पाइपातून ऑइल थेंब-थेंब, थांबून-थांबून पडताना दिसलं पायजे. चालू केल्यावर लगेच निळा धूर आला तर नाराज होऊ नको, गाडी बरेच दिवस उभी राहिली की टाकीतलं ऑइल खाली क्रँककेसमध्ये उतरतं, तो धूर दोन-चार मिनिटांत कमी व्हतो. नाही झाला तर मात्र बोअर-पिस्टनचं काम. वरची टॅपेटची टिकटिक चालंल, पण थ्रॉटल थोडा उघडून लोडवर खालनं जड ठोका आला तर बिग एंड (क्रँकवरचं बेअरिंग) गेलं, म्हणजे पुरा क्रँक काढून प्रेसवर, आणि लेथवाला चांगला पायजे.

या इंजिनाला एक दुखणं जुनं हाय, वॉल्व्ह सीट आणि बोअर यांच्या मधी ब्लॉकला तडा जातो. हेड काढल्याशिवाय दिसत नाही. मालक हेड काढू देत असंल तर काढून बघायचं, साइड वॉल्व्हचं हेड काढणं फार अवघड नसतं. काढू देत नसंल तर धरून चालायचं की ब्लॉकवर खर्च हाय.

पुढचं चाक उचलून फोर्क पुढं-मागं हलव. गर्डर फोर्क हाय (दांड्यांचा, स्प्रिंगवाला), टेलिस्कोपिक (आजच्यासारखे नळ्यांचे) या गाडीला १९४८ पासनं आले. लिंकचे बुश आणि पिन झिजले की खडखड हाताला लागती, ते काम लेथवर व्हतं, भिऊ नको, फक्त भावात धर. दोन्ही चाकांना दोरी ताणून लाव आणि फ्रेम सरळ हाय का ते बघ, हे मात्र महत्त्वाचं. आणि सगळ्या नट-बोल्टांकडं नजर टाक. मूळ आटे इंग्रजी, व्हिटवर्थ आणि सायकल थ्रेड. दहा-बाराचा पाना बरोब्बर बसत असंल तर कोणीतरी क्रँककेसमधी मेट्रिकचा टॅप मारून ठेवलाय. एक-दोन ठिकाणी चालतंय, सगळीकडं तसं असंल तर इंजिनवर अडाणी हात पडलाय हे समजायचं.

नीलेश_बर्मिंगहॅम
बापूंचा प्रतिसाद प्रिंट काढून खिशात ठेवावा असा आहे. मी बर्मिंगहॅमला राहतो, स्मॉल हीथला जिथे बीएसएचा कारखाना होता तिथून जवळच, आणि माझ्याकडे १९४१ ची एम-२० आहे. नोव्हेंबर १९४० मध्ये त्या कारखान्यावर जर्मन बॉम्ब पडले, ५३ कामगार गेले, आणि त्यानंतरही तिथून या गाड्या निघत राहिल्या. युद्धभरात सव्वा लाखाच्या आसपास बनल्या. म्हणून पहिला मुद्दा हाच की ही दुर्मिळ गाडी नाही. "रेअर पीस" म्हणून कोणी भाव चढवत असेल तर मान्य करू नकोस. दुर्मिळ आहे ती *पूर्ण* गाडी.

दुसरं, इकडचे पाउंडमधले भाव बघून गुणिले करू नकोस. इकडच्या गाडीला कागद, नोंदी, सगळं असतं, आणि भारतात तयार झालेल्या गाड्यांबद्दल इकडचे लोक फार सावध असतात, कारण दहा गाड्यांचे तुकडे जोडून वर चकचकीत रंग मारून पाठवलेल्या गाड्या इकडे बऱ्याच आल्यात. एम-२० च्या टाक्या आणि मडगार्ड भारतात नव्याने बनतात, जगभर जातात. त्यात वाईट काही नाही, मी स्वतः मडगार्ड तिकडचं लावलंय, पण नव्या पत्र्याला जुन्या पत्र्याचा भाव द्यायचा नाही. टाकीला चुंबक लाव, जिथे नीट चिकटत नाही तिथे पुट्टी आहे. टाकीच्या खालच्या बाजूला वेल्डिंग बघ, आतून टॉर्च मारून गंज बघ. नवा रंग हा माझ्या हिशोबात वजा बाजूला जातो, कारण त्याच्याखाली काय आहे ते कळत नाही. जुना, खरवडलेला, आजोबांच्या हातचा रंग असता तर मी जास्त पैसे दिले असते.

साल पडताळायला छोट्या खुणाही असतात. १९४२ मध्ये मलाया जपानच्या हातात गेल्यावर रबराची टंचाई झाली, तेव्हापासून गाड्यांना फूटरेस्टचं रबर जाऊन नुसतं लोखंड आलं आणि हँडलच्या मुठी कॅनव्हासच्या. अर्थात ऐंशी वर्षांत हे सगळं बदललेलं असू शकतं, पण फ्रेमचा नंबर आणि अशा खुणा एकाच दिशेला बोट दाखवत असतील तर गाडी बरीचशी मूळ आहे. नंबर मिळाला की इकडे बीएसए ओनर्स क्लब आहे, त्यांना विचारता येतं.

आणि इंजिन खरंच एम-२० चं आहे ना ते बघ. एम-२१ चं इंजिन दिसायला जुळ्या भावासारखंच, पण ५९१ सीसीचं, स्ट्रोक ११२, ब्लॉक जास्त उंच. या फ्रेममध्ये आरामात बसतं आणि चालतंही छान, फक्त आरसीशी जुळणार नाही.

कराडकर_अनिकेत
खूप खूप धन्यवाद सगळ्यांना, एवढं सविस्तर कोणी सांगेल असं वाटलं नव्हतं. मग आकडा कसा काढू? ऑनलाइन जाहिरातींमध्ये दोन लाखापासून आठ लाखापर्यंत काहीही दिसतंय.

जुनं_लोखंड
जाहिरातीतला आकडा म्हणजे मागणी, व्यवहार नव्हे. पुणे-कोल्हापूर पट्ट्यात ज्यांनी गेल्या वर्ष-दोन वर्षांत खरंच घेतली किंवा विकली अशा तीन-चार जणांना विचार, रॅलीत भेटतात, सांगतात मोकळेपणाने. त्यातून पूर्ण, अस्सल पार्टची, कागद चोख असलेल्या गाडीचा भाव काढ आणि तिथून खाली ये. समजा तो पाच लाख निघाला. आता तुझ्या गाडीत काय नाही त्याची यादी कर: अमलचा कार्बोरेटर, स्मिथ्सचा स्पीडोमीटर, मूळ हेडलाइट, त्यातला अँमीटर, साइडचा टूलबॉक्स, कॅरिअर, जे असेल ते. प्रत्येकाचा आजचा भाव विचार, अंदाज करू नको. त्यात बापूंनी सांगितलेल्या तपासणीतून निघालेलं इंजिन-फोर्कचं काम मिळव. समजा दोन लाख झाले. तीन उरले. त्यातून अजून अर्धा लाख न दिसलेल्या गोष्टींसाठी ठेव, कारण हेड उघडल्यावर काहीतरी निघतंच. म्हणजे अडीच. त्याच्यावर जायचं नाही, मुंबईचं गिऱ्हाईक येवो नाहीतर लंडनचं.

एक मात्र मनापासून सांगतो. इंजिनचं काम पैसे टाकून होतं, पिस्टन, वॉल्व्ह, बेअरिंग सगळं बनतं किंवा मिळतं. छोटे अस्सल पार्ट मात्र पैसे असूनही वर्षानुवर्षं मिळत नाहीत. म्हणून बंद पडलेली पण पूर्ण गाडी आणि धावणारी पण अर्धी गाडी, या दोन्हीत मी डोळे झाकून बंद पडलेली घेईन. "चालू आहे" याला लोक फार पैसे देतात, एवढे द्यायची गरज नाही.

गॅरेजवाले_बापू
शंभर टक्के. जाताना विचार, "आजोबांच्या काळातलं काय सामान माळ्यावर पडलंय का?" लोक काढलेले जुने पार्ट टाकत नाहीत. कार्बोरेटर, मीटर तिथंच पोत्यात असू शकतंय.

स्वाती_डोंबिवली
इंजिनबद्दल सगळ्यांनी सांगितलं, मी कागदांबद्दल सांगते, आमच्या घरच्या दोन जुन्या गाड्यांचं सगळं मीच केलंय. अनिकेत, गाडी आजोबांच्या नावावर आहे म्हणजे नातू आज ती कायद्याने विकूच शकत नाही. आधी वारसाच्या नावावर व्हायला हवी, त्यासाठी फॉर्म ३१, मृत्यू दाखला, बाकीच्या वारसांची संमती. मग त्याच्याकडून तुझ्या नावावर करायला फॉर्म २९ आणि ३०. काका, आत्या किती आहेत ते आधी विचार, एकाने जरी नंतर हरकत घेतली तर गाडी दारात उभी राहील.

दुसरं, एवढं जुनं आरसी बुक बहुतेक ऑनलाइन वाहन सिस्टिममध्ये चढलेलं नसतं. तो नंबर टाकून बघ, दिसला नाही तर बॅकलॉग एन्ट्री (जुनी नोंद ऑनलाइन चढवणं) करावी लागते, आणि त्यासाठी आरटीओकडे मूळ रजिस्टर सापडायला हवं. हे काम विकणाऱ्याने करून द्यायचं, तू पैसे देऊन मग करायचं नाही. रिन्युअल कधीपासून थकलंय तेही बघ. आणि आरसीतला इंजिन-चासी नंबर तुझ्या पेन्सिलच्या ठशाशी एक-एक आकडा जुळव, ३ चा ८ झालेला असला तरी पुढे त्रास होतो.

कोणी सांगेल की कागद नसले तरी व्हिंटेजचं नवीन रजिस्ट्रेशन होतं. २०२१ च्या नियमांनी पन्नास वर्षांपेक्षा जुन्या गाडीला व्हीए सिरीज (व्हिंटेज गाड्यांचा वेगळा नंबर) मिळते हे खरं, नव्या नोंदणीची फी वीस हजार, दहा वर्षं चालते. पण गाडी मूळ स्वरूपात असावी लागते, आणि ती रोज फिरवता येत नाही, रॅली, प्रदर्शन, पेट्रोल, दुरुस्ती एवढ्यापुरतीच. तुला रविवारी सकाळी कराडहून साताऱ्याला चक्कर मारायची असेल तर आजोबांचा जुना नंबर जिवंत असणं जास्त मोलाचं आहे. तो नंबर चालू असेल तर मी भावात थोडं वर जाईन.

कराडकर_अनिकेत
दोन काका आणि एक आत्या आहेत म्हणाला होता. टोकन मागतोय पंचवीस हजार, देऊ का?

स्वाती_डोंबिवली
सगळ्यांच्या सह्यांचं संमतीपत्र हातात येईपर्यंत नको. त्यानंतर द्यायचं तर खात्यावर दे, रोख नाही, आणि कागदावर इंजिन नंबर, चासी नंबर आणि "नावावर झाली नाही तर परत" हे लिहून घे.

नीलेश_बर्मिंगहॅम
आणि हेडस्टॉकच्या ठशाचा फोटो काढ, सगळी अक्षरं स्पष्ट येतील असा, मला मेसेज कर. इथे उघड टाकू नको, नंबर उचलणारे असतात. कुठल्या कंत्राटातली गाडी आहे ते मी विचारून सांगतो.