पाच लाखांचं कार्ड आलं, पण खिशाला फरक पडला का?

वाडीवरचा: केंद्राचा आरोग्य विमा, आयुष्मान भारत, २०१८ ला आला. आपल्या राज्याच्या महात्मा फुले योजनेचं दीड लाखाचं कव्हर ५ लाख झालं आणि जुलै २०२४ पासून पांढऱ्या रेशनकार्डवाल्यांनाही मिळालं, म्हणजे कागदावर जवळजवळ सगळेच कव्हर झाले. मग आमच्या वाडीत आजारपण म्हटलं की अजून पतपेढीच कशी आठवते? मला वाटतं हा विमा ॲडमिट होणाऱ्यांसाठी आहे. शुगर-बीपीच्या गोळ्या, रक्त तपासायचं, सोनोग्राफी, हे सगळं ओपीडीतलं आणि ओपीडी यात नाहीच. आयुष्मानमध्ये डिस्चार्जनंतर १५ दिवसांची औषधं मिळतात, सोळाव्या दिवसापासून तुमचं तुम्ही बघा.

खेडची सून: दादा, सरसकट नका हो बोलू. माझ्या सासऱ्यांची बायपास योजनेतून झाली, हॉस्पिटलमधल्या योजनेच्या माणसाने, म्हणजे आरोग्यमित्राने, रेशनकार्ड-आधार घेतलं, मंजुरी आली, ऑपरेशनचा एक रुपया भरला नाही. योजना नसती तर कलमांची बाग विकावी लागली असती. आणि एकूण आरोग्यखर्चात लोकांच्या खिशातला वाटा २०१३-१४ मध्ये ६४.२ टक्के होता, २०२१-२२ मध्ये ३९.४ वर आला, सरकारी हिशोब आहे हा. उगाच झालं का ते?

परळचा चाकरमानी: ताई, आकडा बरोबर आहे पण तो वाटा आहे, रुपये नव्हेत. सरकारने जास्त पैसा ओतला की तुमचं बिल तेवढंच राहूनही टक्का खाली येतो, आणि २०२१-२२ म्हणजे कोविडचं वर्ष. तेव्हासुद्धा आरोग्यावरचा सरकारी खर्च जीडीपीच्या १.८४ टक्केच, २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणात तर २०२५ पर्यंत २.५ करणार म्हणाले होते.

दोडामार्गकर: ह्या सगळा खरा, पण कार्ड हा नि हॉस्पिटल खंय हा? हयलो माणूस सिरीयस झालो काय गोव्यातल्या बांबोळीच्या सरकारी हॉस्पिटलाक धावता. २०१८ त गोव्यान भायल्या पेशंटांक पैसे लावल्यानी तेव्हा केवडा आंदोलन झाला! ऑपरेशन फुकट मेळात रे, गाडीभाडा, वांगडच्या माणसांचा खाणा आणि बुडालेली मजुरी कोण देतलो?

छोटा दवाखाना: मी डॉक्टर आहे, दहा खाटांचं हॉस्पिटल आहे, शिव्या खायची तयारी ठेवून लिहितो. पॅकेजचा रेट, म्हणजे एका ऑपरेशनला योजना देते ती ठरलेली रक्कम, परवडत नाही आणि क्लेमचे पैसे वेळेवर येतील याची खात्री नाही, स्टाफचा पगार तर एक तारखेला द्यावाच लागतो. मोठ्यांना पेशंटच्या संख्येवर जमतं, म्हणून योजनेतली हॉस्पिटलं शहरात. तालुक्याला हवी असतील तर रेट वाढवा.

वाडीवरचा: रेट वाढवून अजून पैसा खाजगीकडेच? त्यापेक्षा उपजिल्हा रुग्णालयात भूलतज्ज्ञ टिकवा की, सिझरला घाट चढून कोल्हापूर गाठायची पाळी तरी येणार नाही.

खेडची सून: म्हणून विमा मोडीत काढायचा? रोजच्या गोळ्यांना विमा लागतच नाही, उपकेंद्रात औषध हवं. आयुष्मान भारतचा अर्धा भाग तोच होता ना, दीड लाख हेल्थ अँड वेलनेस सेंटरं, आता आरोग्य मंदिर म्हणतात. भांडायचं तर त्यासाठी भांडा, कार्डावर कशाला राग? आणि घरात सत्तरीच्या पुढचं कोणी असेल तर आयुष्मानचं वय वंदना कार्ड काढून ठेवा, उत्पन्नाची अट नाही.

वाडीवरचा: बाबांचं काढलंय ताई. आमच्या आरोग्य मंदिरात गेल्या महिन्यात शुगरची गोळी मेटफॉर्मिन नव्हती, मेडिकलमधून आणली, ते बिल त्या कार्डावर चालतं का तेवढं सांगा.