नोकरी सांभाळून शैक्षणिक तंत्रज्ञानात पुढं शिकायचंय

मी कोल्हापुरात नववी-दहावीला भूमिती शिकवते. एम.एड. झालंय. जिओजेब्रा या गणिताच्या सॉफ्टवेअरमध्ये त्रिकोणाचा शिरोबिंदू ओढला की कोन बदलतात, बेरीज मात्र १८० अंशच राहते. ते बघायला मागच्या बाकावरची पोरंसुद्धा पुढं येतात. पण परीक्षेत सिद्धता लिहिताना तीच पोरं अडतात. मला नेमकं याच्यावर काम करायचंय. कुठं बघू?

उत्तर १
ताई, आयआयटी मुंबईत या विषयात पीएच.डी. करता येते. मुंबईच्या एसएनडीटी महिला विद्यापीठातही याचा स्वतंत्र विभाग आहे. आधी मिश्रा आणि कोहलर यांचा २००६ चा ‘टीपॅक’ या शिक्षकांच्या ज्ञानाविषयीच्या चौकटीवरचा लेख वाचा. विषय, अध्यापन आणि तंत्रज्ञान वेगवेगळं शिकून भागत नाही, हे त्यात नीट मांडलंय.

उत्तर २
मुंबई लांब पडतंय तर शिवाजी विद्यापीठाच्या शिक्षणशास्त्र विभागात जाऊन बोला. प्रश्न तुमच्याकडं तयारच आहे की!

प्रश्नकर्ती
सर, सोमवारीच जाते. पोरांच्या वह्याही घेऊन जाते.