पुन: पुन: कपाटातलं मशीन – रविवारपर्यंत ऑर्डर

प्रेषक: अंक-संग्रह गट
दिवाळी अंकांचे स्कॅन आणि सदस्य-यादी ठेवायला मंडळाच्या हॉलच्या कपाटात कायम चालू राहील असा जुना, छोटा कॉम्प्युटर घ्यायचाय. तिन्ही लिंका आधीच्या मेलमध्ये आहेत. डेलचा ऑप्टिप्लेक्स ३०५० मायक्रो (आय५-६५००टी, ८ जीबी) ७० पौंड. ३०६० मायक्रो (आय५-८५००टी, १६ जीबी) १३० पौंड. तिसरा एसएफएफ, म्हणजे मायक्रोपेक्षा मोठा डबा, तो कपाटात मावणार नाही. दोन्ही मायक्रोंखाली बारीक अक्षरात "अडॅप्टरविना" लिहिलंय. मतं कळवा.

प्रेषक: खजिनदार
७० वाला घ्या. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चे नेहमीचे अपडेट थांबले, आणि विंडोज ११ ला साधारण इंटेल प्रोसेसरची आठवी किंवा नंतरची पिढी लागते. म्हणून ऑफिसांनी सहाव्या-सातव्या पिढीची मशीनं काढून टाकली आणि ती स्वस्तात मिळतायत, ७० वाला त्यातलाच. आपण विंडोजऐवजी लिनक्स टाकणार, त्याला पिढीचं सोयरसुतक नाही. अडॅप्टर १९.५ व्होल्टचा कुठलाही चालेल. पावती मंडळाच्या नावाने हवी, नाहीतर पैसे देता येणार नाहीत.

प्रेषक: वेबसाइट
काका, अडॅप्टर "कुठलाही" मुळीच नको. डेलच्या प्लगच्या मधोमध एक बारीक सुई असते. तिच्यातून मशीन अडॅप्टरची ओळख विचारतं. उत्तर आलं नाही तर सुरू होतानाच इशारा दाखवून एफ१ दाबेपर्यंत थांबतं, आणि प्रोसेसरचा वेगही खाली आणतं. ज्या मॉडेलांत इशारा बंद करता येतो तिथेही वेग कमीच राहतो. घरी टेबलावर हे खपून जाईल. आपल्या कपाटात ना कीबोर्ड ना मॉनिटर, आणि हॉलवाले रात्री मेन बंद करतात हे सगळ्यांना माहीत आहे. प्रत्येक वेळी एफ१ दाबायला कोण जाणार? अस्सल डेल, ६५ वॅट, ४.५ मिमी प्लग, एवढंच बघून घ्या.

प्रेषक: ध्वनिव्यवस्था
कपाटातला डावा सॉकेट मिक्सरचा आहे. गणपतीच्या वेळीच हे ठरलंय. मशीन उजव्या सॉकेटला लावा, एक्स्टेंशनला एक्स्टेंशन जोडू नका. आणि माइकचे डबे मशीनच्या हवेच्या जाळीला टेकणार नाहीत हे तुम्ही बघायचं, आम्ही नाही.

प्रेषक: सचिव
एक सदस्य जुना टॉवर फुकट द्यायला तयार आहेत, ग्राफिक्स कार्डासकट. मग खरेदी कशाला?

प्रेषक: खजिनदार
सचिव, फुकट नाही ते. १ वॅट वर्षभर चालला की ८.७६ युनिटं होतात. २५ पेन्स दराने जवळपास सव्वादोन पौंड. मायक्रो निवांत असताना १० वॅटच्या आसपास राहतो, म्हणजे वर्षाला २२ पौंड. कार्डवाला टॉवर ५० वॅट खात बसला तर ११०. वीज हॉलच्या बिलात जाते आणि ते बिल आपणच भरतो.

प्रेषक: अंक-संग्रह गट
दिवाळी अंकांच्या स्कॅनवर टेसरॅक्ट या प्रोग्रॅमने मराठी ओसीआर, म्हणजे चित्रातली अक्षरं ओळखणं, चालवायचंय. तिथे प्रोसेसरचे कोर मोजावे लागतात: ६५००टी ला चार, ८५००टी ला सहा. म्हणून १३० वाला.

प्रेषक: वेबसाइट
ताई, ओसीआर एका अंकाचं एकदाच करायचं असतं. चार कोरांवर रात्रभर चालू द्या. पानं ३०० डीपीआयला आणि सरळ स्कॅन झाली असतील तरच मात्रा-वेलांट्या नीट ओळखल्या जातात. वाकडं पान सहा कोरांनाही वाचता येत नाही. वाचलेल्या ६० पौंडांत अडॅप्टर आणि बॅकअपसाठी बाहेरची डिस्क घ्या. सदस्य-यादी आणि वीसेक वर्षांचे अंक एकाच जुन्या एसएसडीवर ठेवायला माझा ठाम विरोध आहे.

मशीन आल्यावर क्रम असा ठेवा. आधी आतला सीआर२०३२ सेल बदला. तो संपलेला असला की मेन बंद झाल्यावर घड्याळ मागे जातं आणि मशीन परत एफ१पाशीच अडतं. मग बायोसमध्ये (मशीनच्या मूळ सेटिंगांत) "एसी रिकव्हरी" "पॉवर ऑन"वर न्या, म्हणजे वीज परत आली की मशीन आपोआप सुरू होईल, आणि कीबोर्ड नसल्याची तक्रार बंद करा. डिस्कची सेटिंग बरेचदा "रेड ऑन" असते. ती "एएचसीआय" केल्याशिवाय डेबियनच्या (आपल्या लिनक्सच्या) इन्स्टॉलरला एनव्हीएमई प्रकारची एसएसडी दिसतच नाही, आणि लोक डिस्क खराब समजून परत पाठवतात. डेस्कटॉप टाकू नका, नुसतं एसएसएच, म्हणजे दुसऱ्या कॉम्प्युटरवरून नेटवर्कने मशीन चालवायची सोय, पुरे. टाकलाच तर स्लीप बंद करा, नाहीतर मशीन आपणहून झोपतं. स्मार्टसीटीएल या प्रोग्रॅमने एसएसडी किती झिजली ते बघा, मेमरी तपासायला मेमटेस्ट एक रात्र चालवा.

शेवटी कीबोर्ड-मॉनिटर काढून चालू मशीनची वायर भिंतीवरच्या सॉकेटमधून ओढून काढा, मिनिटभराने परत लावा. दोन मिनिटांत एसएसएच लागलं तरच कपाटात ठेवा.

प्रेषक: ध्वनिव्यवस्था
वायर ओढायची चाचणी घरी करा. हॉलमध्ये मिक्सर चालू असताना नको.

प्रेषक: अंक-संग्रह गट
ठीक, ३०५०. बायोसला पासवर्ड आहे का, एसएसडी कुठली आणि पावतीवर मंडळाचं नाव येईल का, हे विक्रेत्याला आज विचारते. अडॅप्टर वेगळा मागवते. बॅकअपची डिस्क कोणाच्या घरी राहणार ते कार्यकारिणीने ठरवावं.