मदत हवी आहे : पडीक रानात हरणांसाठी टिकाऊ गव्हाण कशी बनवू?

नमस्कार मंडळी,

आमचं रान उत्तर सोलापूर तालुक्यात, नान्नजच्या माळढोक अभयारण्याजवळ. बार्शी रस्त्यानं जाणाऱ्यांनी तिथले काळविटांचे कळप पाहिले असतील. रानातला एक तुकडा मुरमाड, पडीकच आहे आणि कळप तिथूनच पुढच्या शिवारात शिरतो. रब्बीची ज्वारी, हरभरा नुकता उगवून आला की त्यावर तोंड पडतं. शेजाऱ्यांचा राग मला समजतो, त्यांचं वर्ष त्या पिकावर असतं. पण कळपामागं कुत्री सोडलेली बघवत नाहीत.

म्हणून मनात आलं, आपल्याच पडीकात खाण्याची सोय केली तर कळप तिथं थांबेल. परदेशातल्या व्हिडिओत २०० लिटरचा ड्रम उभा करून खालून पीव्हीसी पाइपचे तोंड काढतात, खाल्लं तसं वरून धान्य उतरतं. आपल्याकडे ज्वारी किंवा मक्याचा भरडा भरता येईल. अडचण टिकण्याची आहे. इथल्या उन्हात प्लॅस्टिक दोन उन्हाळ्यांत तडकतं, पत्रा गंजतो आणि तापतो, शेळ्या धडका देतात. काँक्रीटचं करावं का? पाया किती खोल? कुणी असं काही बांधलं असेल तर माप आणि साहित्य सांगा. खर्चाची तयारी आहे, फक्त दरवर्षी दुरुस्ती नको.

प्रतिसाद १

दादा, भावना चांगली आहे, पण धान्य ठेवू नका. मी जनावरांच्या दवाखान्यात काम करतो, म्हणून कळकळीनं सांगतोय. काळवीट रवंथ करणारं जनावर. माळावरचं गवत पचवायला त्याचं पोट सरावलेलं असतं. अचानक पोटभर ज्वारी किंवा मका मिळाला की पहिल्या पोटात आम्ल वाढतं, अंगातलं पाणी कमी होतं आणि जनावर आडवं होतं. शेळीनं ज्वारीचं पोतं फोडलं की काय होतं ते तुम्ही पाहिलं असेलच. शेळीला आपण दवाखान्यात तरी नेतो.

व्हिडिओतले ड्रम बहुतेक अमेरिकेतले, पांढऱ्या शेपटीच्या हरणांसाठीचे. तिथंही एका तोंडाशी गर्दी झाल्यानं रोग पसरतो, म्हणून काही राज्यांनी असं खाद्य ठेवायला बंदी केली आहे. आपल्याकडे त्याच जागी शेळ्यामेंढ्या तोंड घालणार, म्हणजे लाळ्या-खुरकूत आणि पीपीआर (शेळ्यामेंढ्यांचा साथीचा रोग) इकडून तिकडे.

कायद्याचंही बघा. काळवीट १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात अनुसूची १ मध्ये, म्हणजे सगळ्यात कडक संरक्षणाच्या यादीत आहे आणि आमिष दाखवणं शिकारीच्या व्याख्येत येतं. तुमच्या मनात तसं काही नाही, पण धान्याच्या ड्रमाशेजारी उद्या दुसऱ्या कुणी फासा लावला तर? काहीही बांधण्याआधी वनरक्षकाला रानात बोलावून जागा दाखवा. शेजाऱ्यांनाही सांगा, हरणांनी पीक खाल्लं तर वन विभागाकडून भरपाई मिळते. अर्ज लगेच करावा लागतो.

खायलाच द्यायचं असेल तर गवत द्या. पडीकात चराई बंद ठेवा, मृगाआधी मारवेल आणि पवन्याचं बी टाका. झाडं लावू नका, काळविटाला लांबवर दिसणारा मोकळा माळच लागतो. यानं पिकाचं नुकसान पूर्ण थांबेल असं मी म्हणणार नाही, पण कुणाचा जीव जाणार नाही.

प्रतिसाद २

वरच्या भाऊंचं पटलं. बांधकामाची हौस असेल तर पाणवठा बांधा, एप्रिल-मेमध्ये त्याचीच खरी गरज. मी फेरोसिमेंटची, म्हणजे गज-जाळीवर सिमेंटचा पातळ थर देण्याची कामं करतो. चौकोनी हौद करू नका, कोपऱ्यातूनच तडा जातो आणि पाडस आत पडलं तर निघत नाही. गोल बशी करा, पाच फूट व्यास, मध्यभागी अर्धा फूट खोल, कडा जमिनीला टेकलेली.

जागा मुरमाची निवडा. काळी माती लागली तर दोन फूट काढून मुरूम भरा, पाणी मारून धुम्मस करा, म्हणजे ठोकून घट्ट दाबा. काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. वर कितीही भारी सिमेंट घाला, खालची जमीन हलली की बशी फुटणारच. त्यावर सहा एमएमचे गज, कोंबडीजाळीचे दोन थर, एकास दोन सिमेंट-वाळू, जाडी दीड इंच. काम ऊन उतरल्यावर करा. गोणपाट टाकून किमान दहा दिवस ओलं ठेवा, इथं घाई केली की केसासारख्या चिरा पडतात. पहिलं पाणी दोनदा भरून सांडून द्या, नव्या सिमेंटचा खार उतरतो.

सव्वाशे लिटरच्या आसपास पाणी मावेल. मे महिन्यात दिवसाला सेंटिमीटरभर वाफ धरली तरी अठरा-वीस लिटर नुसतं उडून जातं, तेव्हा रोज नाही तर एक दिवसाआड भरावं लागेल. बशीला पाणी आणणारा पाइप फूटभर जमिनीत गाडा, नाहीतर पाणी चटका बसेल इतकं तापतं. आठवड्याला उपसून ब्रशनं घासा. झुडपाजवळ किंवा बांधाला लागून बांधू नका, आडोसा असला की हरीण पाण्याला तोंड लावायला बिचकतं.

धागाकर्ता

दोघांचे मनापासून आभार. पोटातल्या आम्लाचं हे मला ठाऊकच नव्हतं. ड्रमचा विचार सोडला. वनरक्षकांशी बोलतो आणि त्यांनी जागा मान्य केली की बशीचं काम काढतो, गवताचं बी पावसाआधी.

आता दोनच प्रश्न. बोअरचं पाणी मचूळ आहे, आमच्या शेळ्या पितात, पण काळविटांना चालेल का? तपासायला कुठं द्यावं? आणि बशी उथळ असल्यानं बॉलकॉक बसणार नाही असं वाटतं. शेजारी त्याच पातळीला लहान झाकणाची टाकी करून तिथं बॉलकॉक लावला आणि खालून पाइपनं बशीला जोडलं, तर जमेल का? गावाला गेलो तरी पाणी तुटायला नको.