गल्ल्यात बनावट पाचशेची निघाली, गुन्हा नेमका कधी होतो?

प्रश्न – गल्ला_हिशोब
भरण्यात बनावट नोट निघाली की बँक ठेवून घेते आणि तेवढी रक्कमही जमा करत नाही. म्हणून बरेच दुकानदार ती गुपचूप दुसऱ्याच्या गळ्यात मारतात. नवीन कायद्यात हे कुठल्या कलमात येतं? नुसती जवळ सापडली तरी गुन्हा का? चार नोटांपर्यंत माफ असतं असंही ऐकलंय.

उत्तर – कलम_कीर्द
१ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेची कलमं १७८ ते १८२ लागू आहेत, म्हणजे जुन्या भारतीय दंड संहितेची ४८९-अ ते ४८९-इ. छापणं १७८, खरी म्हणून चालवणं १७९. दोन्हींना जन्मठेप किंवा १० वर्षांपर्यंत कैद, वर दंड. जवळ बाळगणं १८०, ७ वर्षांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही.

१८० साठी दोन गोष्टी लागतात : नोट बनावट आहे हे माहीत असणं (किंवा तसं मानायला कारण असणं) आणि ती खरी म्हणून चालवायचा इरादा. नकळत गल्ल्यात आलेली नोट त्यात बसत नाही. वैध मार्गाने आल्याचं दाखवून दिलं तर गुन्हा नाही, असं स्पष्टीकरणच कलमाखाली आहे.

गळ्यात मारली की मात्र थेट १७९. ती आपल्याकडे कशी आली याला तिथे अर्थ उरत नाही. देताना माहीत होतं का, एवढंच बघतात. पाचशे वाचवायला जन्मठेपेच्या कलमात शिरायचं, हा हिशोब कुठल्याच कीर्दीत बसत नाही.

उत्तर – रोखपाल_खिडकी३
चार नोटांचा नियम गुन्ह्याचा नाही, बँकेने कळवण्याचा आहे. एका व्यवहारात चारपर्यंत निघाल्या तर महिनाअखेरीस पोलिसांना एकत्रित अहवाल जातो. पाच किंवा जास्त असतील तर लगेच एफआयआर. माफी कशालाच नाही.

काउंटरवर नोटेवर ‘जाली नोट’चा शिक्का मारून ती जप्त करायची आणि पावती द्यायची. भरणाऱ्याने सही नाकारली तरी पावती द्यावीच लागते, ती मागून घ्या. नोट परत मागू नका. आम्ही परत दिली तर बँकेवरच चलनात आणल्याचा ठपका येतो.

घेतानाच बघा : पाचशेची नोट तिरपी केली की सुरक्षा धागा हिरव्याचा निळा दिसतो, आणि दोन्ही कडांच्या पाच-पाच तिरक्या रेघा नखाला लागतात. रंगीत झेरॉक्सला नखाखाली काही लागत नाही. जुन्या, मळक्या नोटेच्या रेघाही झिजतात, तेव्हा धागाच बघावा.

उत्तर – सत्र_न्यायालय_वारी
खटले पडतात ते ‘माहीत होतं’ इथे. उमाशंकर विरुद्ध छत्तीसगढ राज्य (२००१) मध्ये आरोपी १८ वर्षांचा विद्यार्थी. नोटा बनावट असल्याचं त्याला ठाऊक होतं हे सरकार पक्षाला दाखवता आलं नाही, जबाबातही त्याला तसा प्रश्न विचारलेला नव्हता. सर्वोच्च न्यायालयाने सोडलं. याउलट एकाच नंबरच्या चार-सहा नोटा खिशात निघाल्या तर ‘मला काय माहीत’ फार काळ टिकत नाही.

पंचनाम्यात प्रत्येक नोटेचा नंबर हवा, पाकीट सीलबंद हवं. नोटा तपासायला नाशिकरोडच्या करन्सी नोट प्रेसकडे जातात. तिथल्या अधिकाऱ्याचा अहवाल भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (फौजदारी खटल्याच्या कार्यपद्धतीचा नवा कायदा) कलम ३२८ खाली पुराव्यात चालतो. पंचनामा आणि अहवालातले नंबर जुळले नाहीत की बचाव पक्षाचं निम्मं काम झालं.

गल्ला_हिशोब
आभार. खेळण्यातल्या ‘चिल्ड्रन बँक’च्या नोटा विकायला ठेवल्या तर?

कलम_कीर्द
फसगत होईल इतकं साम्य असलेला कागद छापणं, वापरणं किंवा कुणाला देणं यासाठी १८२ आहे, दंड ३०० रुपयांपर्यंत. पण तोच कागद कुणी बंडलात खरी नोट म्हणून सरकवला, तर त्याच्यावर फसवणुकीचं कलम लागतं.