प्रिलिमचे पेपर रद्दीत टाकू नका

सी-२०४: नमस्कार, ग्रुपवर दहावीच्या मुलांचे बरेच पालक आहेत म्हणून इथेच विचारते. मुलीचे प्रिलिमचे पेपर मिळाले, भूमितीत ४० पैकी १९ आणि विज्ञान भाग १ मध्ये २२. दिवसभर पुस्तक घेऊन बसलेली असते हो, मोबाइल पण माझ्याकडेच असतो, आणि विचारलं की म्हणते आई सगळं वाचलंय गं पण पेपर हातात आला की आठवतच नाही. क्रॅश कोर्स लावू का कुठला? खूप टेन्शन आलंय.

ए-१०२: काकू बेस्ट ऑफ फाइव्ह आहे ना, सहापैकी पाचच विषय धरतात टक्क्यांना. गणितात पास होण्यापुरतं करायचं आणि बाकीच्यांवर जोर द्यायचा.

बी-५०३ (सर): नाही रे बाळा, आत्तापासून एक विषय सोडून दिला तर पाचातला दुसरा कुठला घसरला की हातात काहीच उरत नाही, आणि अकरावीला सायन्स घ्यायचं असेल तर हीच भूमिती आणि त्रिकोणमिती पुढे लागते. ताई, क्रॅश कोर्सची घाई नको. आधी ते तपासलेले पेपर घेऊन मुलीजवळ बसा, ओरडायला नाही. गेलेल्या प्रत्येक मार्कापुढे पेन्सिलीने लिहायचं, का गेला. माहीतच नव्हतं, की येत होतं पण आठवलं नाही, की आकडेमोड चुकली, की वेळ पुरला नाही. प्रत्येकाचा उपाय वेगळा आहे, सगळ्यावर एकच औषध म्हणून पुस्तक पुन्हा पहिल्या पानापासून वाचायला घेतात तिथे मुलांची मेहनत वाया जाते, आणि मला त्याचं फार वाईट वाटतं कारण ही मुलं आळशी नसतात.

सी-२०४: सर तिचे जास्त करून आठवलं नाही यातलेच असणार.

बी-५०३ (सर): मग वाचन कमी आणि लिहिणं जास्त. पुस्तक मिटायचं, कोरा कागद घ्यायचा, आणि स्पर्शिका-छेदिका कोनाचं प्रमेय आकृती, पक्ष, साध्य, सिद्धता असं न बघता लिहायचं. अडलं तिथे अडू दे, दोन मिनिटं डोकं खाजवू दे, मगच पुस्तक उघडायचं, आणि तेच प्रमेय दोन-तीन दिवसांनी पुन्हा. समोर लिहिलेलं वाचताना सगळं येतंय असंच वाटतं, कागद कोरा असला की खरं कळतं. आणि ताई गणिताच्या पेपरात पहिल्या दोन प्रश्नांना मिळून २० मार्क आहेत, म्हणजे निम्मा पेपर. एक-एक मार्काचे प्रश्न, चौकटी भरायच्या कृती आणि दोन मार्कांची साधी उदाहरणं. हे २० आधी पक्के करा, चार मार्कांच्या उदाहरणांच्या मागे नंतर लागा.

डी-३०१: सर म्हणतात त्यावर प्रयोग पण झालाय, रोडिगर आणि कार्पिक या अमेरिकेतल्या दोन मानसशास्त्रज्ञांचा, २००६ चा. उतारा पुन्हा पुन्हा वाचणाऱ्यांना पाच मिनिटांनी जास्त आठवलं, पण आठवड्यानंतर न बघता आठवून लिहिणारेच पुढे होते.

ए-४०३: आम्ही तर पहाटे चारला उठून घोकंपट्टी केली आणि पास झालो, रात्र जागल्याशिवाय दहावी होते का?

बी-५०३ (सर): पहाटे उठा की, पण मग रात्री लवकर झोपवा. पेपर सकाळी अकराला असतो, तेव्हा डोकं ताजं हवं. जागरणाने भूमितीत आकृती चुकीची काढणारी चांगली चांगली मुलं मी पाहिलीत.

सी-२०४: आणि विज्ञानाचं काय करू?

डी-३०१: आमच्याकडे मुलाचे मार्क भिंगाच्या उदाहरणांत जात होते, सूत्र पाठ पण वस्तूचं अंतर ऋण घ्यायचं विसरायचा, उत्तरापुढे एकक नाही. आता तो उदाहरण सुरू करायच्या आधी दिलेल्या किमती चिन्हासकट एका ओळीत लिहून घेतो, खूप फरक पडला. शास्त्रीय कारणं मात्र त्याला तोंडी येतात आणि लिहिताना तीनच शब्द उतरतात, ती रोज दोन-दोन लिहूनच काढावी लागतायत.

सी-२०१: भूगोलाचं पण सांगते, भारत आणि ब्राझील दोन्हीचे नकाशे कोऱ्या आराखड्यावर भरायची सवय लावा. गाइडमधला भरलेला नकाशा नुसता बघून काही होत नाही. बालभारतीची पुस्तकं साइटवर फुकट आहेत पीडीएफमध्ये.

बी-५०३ (सर): मुलांची तयारी असेल तर रविवारी क्लब हाउसमध्ये भूमितीचा पूर्ण पेपर लावू. अकराला पेपर हातात, दोन तास, आणि बोर्डाने २०२३ पासून शेवटी दहा मिनिटं वाढवून दिलीत तीही धरून १.१० ला पेपर गोळा. मी संध्याकाळपर्यंत तपासून देतो. पैसे वगैरे काही नको.

सी-२०४: सर खूप खूप आभार, मी तिला आत्ताच सांगते 🙏

ए-४०३: आमचा पण येईल सर.

सेक्रेटरी: हॉल रविवारी १० ते २ बुक केला, किल्ली वॉचमनकडे. त्या वेळात वर ड्रिलिंगचं काम बंद ठेवायला सी-६०२ ला सांगितलंय.

बी-५०३ (सर): छान. कंपास, कोनमापक, पट्टी, दोन पेन्सिली आपापल्या आणा, पेपर चालू असताना मागून घ्यायचं नाही. आणि प्रिलिमचा तपासलेला पेपर पण बरोबर आणा.